लेकीच्या तीन शाळा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. माहेरी कामथडीला सगळे म्हणायचे, ही पोरगी सासरी आठ दिवस टिकायची नाही. टिकले. पासलीच्या डोंगरात भाताची खाचरं चिखलता चिखलता राग उतरेल अशी आईला आशा होती, पण तो काही उतरला नाही. त्याच रागापायी माझ्या थोरल्या लेकीची पहिली शाळा दीड महिन्यात सुटली. ती हकीकत आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

भोरचं संस्थान खालसा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या गावाला लोकल बोर्डाची शाळा आली होती. शाळा म्हणजे देवळाचा सभामंडप, एक गुरुजी आणि वीस-बावीस पोरं. पोरी तीनच, त्यात माझी एक. मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, म्हणणं होतं की पोरीला शाळेत घालून करायचं काय. मी म्हणाले, "माझ्यासारखा आंगठा न्हाई लावायचा तिनं." माहेरी माझ्या भावांच्या लाकडी पाट्या कोळसा घासून काळ्याभोर करून द्यायचं काम माझ्याकडे होतं. पाटी अशी व्हायची की नुसती बघत राहावी, पण तिच्यावर एक अक्षर काढायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. हे मी मालकांना बोलून दाखवलं नाही. पोरीला मात्र शाळेत नेऊन बसवली.

एका शनिवारी काही कामाने मी देवळाकडे गेले, तर माझी सहा वर्षांची पोर कोपरापर्यंत शेणात हात घालून सभामंडप सारवत होती. बाकीच्या दोन पोरी पाणी आणत होत्या आणि पोरगे ओट्यावर बसून पाढे म्हणत होते. मी गुरुजींना विचारलं, हे काय. ते शांतपणे म्हणाले, "शनिवारी मुली सारवतात. पद्धत आहे."

"सारवायला माझं घर हाय की! तेवढ्यासाठी हितं कशाला धाडू?" असं म्हणून मी पोरीचा शेणाचा हात तसाच धरला आणि तिला घरी आणली. वाटेत अख्ख्या गावाला ऐकू जाईल एवढी बडबड केली. घरी आल्यावर मालक एवढंच म्हणाले, "झाली का शाळा?"

झाली होती. आता पोरीचं करायचं काय, हा प्रश्न माझा मीच ओढवून घेतला होता. भोरला मुलींसाठी एका संस्थेची खाजगी शाळा होती, तिची कीर्ती आमच्यापर्यंत पोचली होती. माझी नणंद भोरलाच दिलेली. पण एवढंसं लेकरू परक्या घरी ठेवायला माझा जीव होईना. तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवरून म्हणाले, "सूनबाई, मी काय मेलोय का? मी शिकवतो तिला."

मामंजींनी भोरच्या कचेरीत वीसेक वर्षं दप्तरं सांभाळली होती. शिपाई म्हणून लागले, बघून बघून लिहायला शिकले, आणि पुढे पुढे कारकून रजेवर गेला की त्याची कामं हेच करायचे. संस्थान गेलं, कचेरी बदलली, आणि मामंजी दौत आणि चार बोरू पिशवीत घालून पासलीला परत आले. शेतात त्यांचा काही उपयोग नव्हता. नांगर धरला तर बैलच त्यांच्याकडे वळून बघायचे. नातीला शिकवायचं ठरलं त्या दिवसापासून मात्र ते पहाटे उठून आंघोळ करून, टोपी घालून ओसरीवर बसू लागले. कचेरीत निघाल्यासारखे.

शिकवणी मी येता-जाता बघायची. आधी पाटीवर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लोंबकळवत जायचं, आणि ओळ संपेपर्यंत हात उचलायचा नाही. हात उचलला की मामंजी म्हणायचे, "थांबली का गाडी?" पोर खुदकन हसायची आणि पुन्हा रेघ ओढायची. हिशेबात ती एवढी तयार झाली की पावकी, निमकी, पाऊणकी नाचणी दळता दळता म्हणायची. तीन वर्षांत तिचं लिहिणं असं पळायला लागलं की मी हातातलं काम टाकून बघत राहायची. आल्या-गेल्याला पाटी दाखवायची. बघणारेही माझ्यासारखेच, ते आ वासून म्हणायचे, "लई झ्याक लिवती वो!" मी मनात म्हणायचे, बघा गुरुजी, तुमच्यावाचून काही अडलं नाही.

पोर नऊ वर्षांची झाली आणि मी पुन्हा भोरचं काढलं. आता ती मोठी होती, तिला भांग पाडता येत होता, आणि नणंदेनेही निरोप धाडला होता. मालक म्हणाले, "घरात शिकतीया ते काय वाईट हाय?" पण घरात शिकून दाखला कुणी देत नाही, एवढं मला समजत होतं. शिवाय तिला नववं लागल्यापासून गावातल्या बायका तिच्या लग्नाच्या गोष्टी काढायला लागल्या होत्या. यंदा ती शाळेत गेली नाही तर पुढे कुणी जाऊ देणार नाही, ही माझी खरी भीती होती.

भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, पेरणीला अवकाश होता. त्या आठ दिवसांत आम्ही दोघी निघालो. वेल्ह्यापर्यंत पायी, पुढे नसरापूरपर्यंत गाडीवाटेनं बैलगाडीत, आणि मुक्काम कामथडीला माझ्या माहेरी. दुसऱ्या दिवशी एस.टी. पकडली. पोर पहिल्यांदाच एस.टी.त बसली होती, ती खिडकीतून हटायला तयार नव्हती. मी तिला वाटभर बजावत होते, बाईंनी विचारलं की भ्यायचं नाही.

ती भ्यालीच नाही. शाळेच्या मोठ्या बाई लुगड्यावर घड्याळ लावणाऱ्या, चष्मेवाल्या, पण बोलायला मऊ. त्यांनी तोंडी हिशेब घातले, बाईंचं तोंड मिटायच्या आत पोरीने उत्तरं दिली. बाई खूश. मग त्यांनी चार वाक्यं सांगितली आणि पाटीवर लिहायला लावली. पोरीने आडवी रेघ ओढली आणि सुरुवात केली. हात एकदाही उचलला नाही. माझी छाती अशी फुगली होती की चोळीची गाठ तुटते की काय.

बाईंनी पाटी हातात घेतली. सरळ धरली, मग जरा लांब धरली. त्यांनी आतून एका म्हाताऱ्या कारकुनाला बोलावलं. कारकुनांनी पाटी बघितली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी चारही वाक्यं घडाघडा वाचून दाखवली आणि म्हणाले, "एक चूक नाही, बाई. किती वर्षांनी असं वळण बघितलं!"

"हो, पण हे मोडी आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी टेबलावरचं पुस्तक उघडून पोरीपुढे ठेवलं. पोर पुस्तकाकडे बघायची, माझ्याकडे बघायची. तिला एक अक्षर येईना. मला वाटलं, ही घाबरली. मी तिला चिमटा काढला. तेव्हा बाईंनी मला समजावून सांगितलं की लिहायच्या दोन तऱ्हा असतात. कचेरीतली धावती ती मोडी, आणि छापील पुस्तकातली ती बाळबोध. शाळा चालते ती बाळबोधीत. मोडी आता सगळीकडूनच उठत चालली आहे.

मी कपाळाला हात लावला. तीन वर्षं ज्या अक्षरांचा मी गावभर तोरा मिरवला, ती शाळेच्या कामाचीच नव्हती, आणि मला ते कळायचं काही साधनच नव्हतं. आंगठेबहाद्दर बाईला सगळी अक्षरं सारखीच. बाई म्हणाल्या, "मुलगी फार हुशार आहे. एक वर्ष तुमच्या गावच्याच शाळेत घाला, चौथी करून आणा. पाचवीत मी तिला हमखास घेईन."

माझ्या गावची शाळा! जिथून मी पोरीला शेणाच्या हातानिशी ओढून आणलं होतं ती.

परत येताना मला गुरुजींची काळजी नव्हती, मामंजींची होती. त्यांना सांगायचं कसं? घरी पोचलो तर ते टोपी घालून ओसरीवर वाट बघत बसलेले. मी तांब्या भरून पाणी दिलं आणि सगळं सांगून टाकलं. मला गोड करून सांगता येत नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बाळबोध पोथीपुरती असती, असं आमच्या कचेरीत म्हणायचे. जगाचा कारभार मोडीत चालतो म्हणायचे." थोड्या वेळाने म्हणाले, "कारभारच बदलला, सूनबाई. मलाच कुणी सांगितलं न्हाई." मला भडभडून आलं. रागावणार तरी कुणावर?

दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून मी गुरुजींकडे गेले. रात्रभर घोकलेलं एकही वाक्य आठवेना. मी एवढंच म्हणाले, "पोरीला घ्या. शनिवारी ती सारवंल." गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही तेव्हा ओरडून गेलात, त्याच्या पुढच्या शनिवारपासून पोरगेही सारवतात. पाळी लावलीय मी. तुम्ही परत आलाच नाहीत, नाहीतर सांगितलं असतं." तीन वर्षं! देवळावरून रोज जायची, पण मान वळवून आत बघितलं असेल तर शपथ. गुरुजींना मात्र मी त्या दिवसापासून नावं ठेवू दिली नाहीत कुणाला.

ते वर्ष फार चांगलं गेलं. सकाळी पोर शाळेत जायची आणि संध्याकाळी ओसरीवर आमची तिघांची शाळा भरायची. मामंजींना बाळबोध पोथी वाचण्यापुरती येत होती, लिहिताना हात अडखळायचा. ते नातीच्या पाटीवरून गिरवायचे, आणि हात उचलून उचलून लिहावं लागतं म्हणून कुरकुरायचे. मी भाकरी थापता थापता बघायची. एकदा भुईवर कोळशाने मी 'ग' काढला, तर पोर टाळ्या पिटत ओरडली, "आबा, आईला ग आला!" त्या वर्षात ती चौथी पास झाली आणि मला जोडाक्षरं सोडून बरंचसं वाचता यायला लागलं. सावकाश, बोट ठेवून, पण यायला लागलं.

पुढच्या वर्षी ती भोरला गेली. बाईंनी शब्द पाळला. पोरीला नणंदेकडे ठेवून परत आले आणि दोन दिवस जेवले नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, पोरीला तिथे जरा जरी त्रास झाला तर त्याच पावली जाऊन घेऊन येईन, मग शाळा गेली खड्ड्यात. आणि मी तशी बाई आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

पंधरा दिवसांनी तिचं पहिलं कार्ड आलं. मी हात पुसून धावले. कार्डावर पत्ता बाळबोध, तो मी वाचला, आणि मागे सगळं मोडी. मला भारी राग आला. "मला वाचता येतंय आता, मग असं का लिवलं?" मामंजी म्हणाले, "सराव ऱ्हावा म्हणून असंल. एवढी मेहनत केली, इसरून कसं चालंल?" म्हाताऱ्याला बरं वाटेल म्हणून पोरीने तसं लिहिलं असणार, असं मी धरून चालले आणि माझा राग गेला. मामंजींनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं, आधी मनाशी वाचलं, मग मोठ्याने. मी खुशाल आहे. आत्या फार माया करते. शाळा मोठी आहे, बाईंनी मला पुढे बसवलंय. मैत्रिणी पुष्कळ झाल्या. आईने काळजी करू नये.

कार्डावर ओळी चार-पाचच असायच्या, पण मामंजी त्यातून कितीतरी वाचायचे. आत्याने थालीपीठ केलं इथपासून शाळेत कुठली कविता पाठ झाली इथपर्यंत. मला वाटायचं, मोडीत थोडक्यात फार मावतं. म्हणूनच कचेरीत तिचा एवढा मान.

अधूनमधून, बहुतेक कार्ड आल्यावर दुसऱ्याच दिवशी, मामंजी भोरला निघायचे. सत्तरीला टेकलेला माणूस, वेल्ह्यापर्यंत पायी. बरोबर पायलीभर तांदूळ, नाहीतर सुकवलेली आमसुलं. मी म्हणायचे, एवढी दगदग कशाला? तर म्हणायचे, "जरा जुन्या कचेरीवरून जाऊन येतो." मालक आणि मी हसायचो. म्हातारा आठ दिवस भोरचं तोंड बघितलं नाही तर आजारी पडतो, असं आम्ही म्हणायचो.

पोर एक एक इयत्ता चढत गेली. मराठी सातवीची फायनल पास झाली, पुढची वर्षं भोरलाच शिकली, आणि अठरा पुरी होताच तिला नसरापूरकडच्या एका गावात शाळामास्तरीण म्हणून घेतलं. तिच्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मामंजी होते. त्यांनी तिला ओसरीवर बसवून घेतलं आणि विचारलं, "शनिवारी कोण सारवतं तुझ्या शाळंत?" ती म्हणाली, "सगळी पोरं, आणि मीपण." म्हातारा समाधानाने डुलत राहिला. त्याच हिवाळ्यात ते गेले. आजारपण नाही, काही नाही.

त्यांची पिशवी मी नंतर उघडली. तिच्यात पोरीची सगळी कार्डं निघाली, सुतळीने बांधलेली, लागोपाठ लावलेली, दप्तरासारखी. लेक उन्हाळ्यात घरी आली तेव्हा मी गठ्ठा तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "वाच. तुझ्या आबांचा आवाज आठवंल मला."

तिने वरचं पहिलं कार्ड हातात घेतलं आणि गप्प झाली. मला वाटलं, मोडी विसरली. "न्हाई येत का आता?" "येतं," ती म्हणाली. "पण रागावणार नसशील तर वाचते." असं कुणी म्हणालं की मला आधीच राग येतो. मी म्हणाले, "वाच."

तिने वाचलं. आबा, मला इथे अजिबात करमत नाही. मी 'म्या' म्हणते, 'न्हाई' म्हणते, म्हणून मुली हसतात. मला डोंगरातली म्हणतात. मी वर्गात तोंडच उघडत नाही. आत्याला सांगता येत नाही. तुम्ही या. आईला सांगू नका. ती लगेच मला न्यायला येईल.

दुसरं कार्ड तसंच. तिसरंही. कुठेही थालीपीठ नाही की कविता नाही. मी विचारलं, मग आबा यायचे ते काय करायचे? ती म्हणाली, "आम्ही नीरेच्या काठी जाऊन बसायचो. आबा कचेरीतल्या साहेबांसारखं बोलून दाखवायचे आणि माझ्याकडून म्हणवून घ्यायचे. नाही, होय, मी आले, मी गेले. मग एस.टी. पकडायचे. जुन्या कचेरीकडे कधी गेलेच नाहीत." चौथ्या महिन्यानंतरच्या कार्डांवर खरंच बरं बरं लिहिलेलं होतं. पण तोवर ते दोघे, सत्तर वर्षांचा म्हातारा आणि दहा वर्षांची पोर, मला चार महिने बेमालूम फसवत होते.

मला राग आला. खूप आला. आई मी, आणि माझ्याच पोरीचं रडणं माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत वाचलं जात होतं, आणि मी परातीत हसत भाकरी थापत होते! मी उठून गोठ्यात गेले. म्हशीला वैरण टाकली, ती आधीच टाकलेली होती. गेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही. बऱ्याच वेळाने लेक माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, आबांनी तुला खरं वाचून दाखवलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

मी तिच्याकडे बघितलं. खांद्यावरून पदर, हाताला खडूची सवय पडलेली, माझी शिकलेली लेक. तिच्याशी खोटं बोलायला जीभ रेटली नाही.

"आले असते," मी म्हणाले. "त्याच दिवशी. चुलीवरचा भात तसाच टाकून."